पुरण, पुराण आणि पिझ्झा

इतिहास हा विषय बँकेच्या कारकुनाने हाताळू नये, असे आमच्या मित्रमंडळींचे स्पष्ट मत आहे. त्यांचे म्हणणे असे, की इतिहास लिहायला जाड भिंगाचा चष्मा लागतो, घरात वाळवी लागलेली निदान दोन कपाटे लागतात, आणि मुख्य म्हणजे दुपारच्या वामकुक्षीला ‘चिंतन’ म्हणण्याची सोय लागते. यांतले माझ्याकडे काहीच नाही. मी बी.कॉम., सेकंड क्लास. पण मला विचाराल तर इतिहास हा खरा कॉमर्सचाच विषय आहे. कोणी कोणाकडून काय घेतले, कधी घेतले, परत केले की बुडवले, आणि शेवटी शिल्लक कोणाच्या नावावर राहिली, एवढाच तर इतिहास असतो! फरक इतकाच, की आमच्याकडे संध्याकाळी पाच रुपये कमी पडले तर सगळ्या शाखेला बसवून ठेवतात. इतिहासात कोहिनूर कमी पडला तरी सगळे वेळेवर घरी जातात.

तेव्हा मंडळी, आज मी एका पदार्थाची खतावणी उघडणार आहे. पदार्थाचे नाव पुरणाचा पिझ्झा. दचकू नका. आमच्या सौ. दचकून झाल्या आहेत, तेवढे पुरे.

आधी गावाची केवायसी. आमचे गाव कन्हेरी, तालुका बारामती, जिल्हा पुणे. उभ्या महाराष्ट्राला हे गाव मारुतीमुळे माहीत आहे. शरद पवारांच्या निवडणूक प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटायचा, ही जुनी प्रथा. नारळ फुटला की मोटारी धुरळा उडवत निघून जातात आणि धुरळा खाली बसला की गाव पुन्हा उसाला पाणी द्यायला जाते. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात इंग्रजांनी या भागात आणला, आणि तेव्हापासून आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या उसाच्या टनावर ठरते. माझ्यासारख्या पगारदाराला गावात ‘बँकेत असतो’ म्हणतात. ‘आजारी असतो’ म्हणावे त्याच सुरात.

आता कन्हेरीचा आणि इटलीचा संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि चांगला रोजचा आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाज्जो नावाची इटालियन कंपनी आहे. ती तीनचाकी ‘आपे’ बनवते. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. हा अर्थ मला फार उशिरा कळला. पण बाजारच्या दिवशी आपेत बसलेल्या कोणालाही पोळे म्हणजे काय हे न सांगता कळते. २०१२ सालापासून त्याच कारखान्यातून वेस्पा स्कूटर निघू लागली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. शेजारी फेरेरो ही दुसरी इटालियन कंपनी २०११पासून टिकटॅकच्या गोळ्या आणि किंडर जॉय करते. गंमत म्हणजे वेस्पा आणि फेरेरो, दोघींचा जन्म इटलीत एकाच साली, १९४६ला झाला, आणि नांदायला दोघी बारामतीत आल्या. राहता राहिले चीज. तेही बारामतीतच होते. डायनामिक्स नावाची डेअरी इथे निघाली. १९९६ साली मॅक्डोनाल्ड भारतात आले, तेव्हा त्यांच्या बर्गरला चीज पुरवणारी डेअरी ती हीच. पुढे तिच्यात श्रायबर ही अमेरिकन कंपनी आली. म्हणजे मुंबई-दिल्लीची पोरे ‘फॉरीनचं’ म्हणून जे मिटक्या मारत खात होती, ते आमच्या तालुक्यातल्या गाईम्हशींचे दूध होते. आमच्याकडे त्या पोरांना हसायची चाल नव्हती, कारण कोणाला माहीतच नव्हते.

त्याहून जुनी नोंद हवी असेल तर १६६५ची आहे. पुरंदरच्या तहाच्या वेळी मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत, तोफखान्याबरोबर, निकोलाव मनूची नावाचा एक व्हेनिसचा माणूस होता. शिवाजीमहाराजांशी आपले बोलणे झाले, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुरंदर म्हणजे आमच्यापासून काही लांब नाही. इटालियन माणूस पहिल्यांदा आमच्या भागात आला तो तोफा घेऊन. पुढचे आले ते चॉकलेट घेऊन. यालाच प्रगती म्हणत असावेत.

एवढी पार्श्वभूमी असताना आमच्या घरात पिझ्झ्यावरून महायुद्ध का व्हावे? तर त्याला कारण नागपंचमी.

आमची आई नागपंचमीला दिंडं करते. ज्यांना हा पदार्थ माहीत नाही अशा दुर्दैवी वाचकांसाठी सांगतो: कणकेची पुरीएवढी पारी लाटायची, मध्ये पुरण ठेवायचे, चारी बाजूंनी दुमडून पाकीट करायचे आणि चाळणीत उकडायचे. वर तुपाची धार. नागपंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. म्हणून हा उकडलेला मार्ग. कायद्यात राहून गोड खाण्याचा इतका सुंदर उपाय आमच्या चार्टर्ड अकाउंटंट मित्रालाही सुचला नसता.

गेल्या नागपंचमीला आमच्या दहावीतल्या कन्येने जाहीर केले, की दिंड नको, पिझ्झा मागवा. आई म्हणाली, “आज कापायचं न्हाई.” कन्या म्हणाली, “आजी, तो कापलेलाच येतो. पाप दुकानदाराला.” आई म्हणाली, “आन् खाणाराला काय पुण्य लागतंय व्हय?” यावर कन्येकडे उत्तर नव्हते, पण भूकही नव्हती. ती उठून गेली.

वाद एवढाच असता तर मी लेख लिहिला नसता. पण त्या दिवशी मी दिंडं मोजली. मोजणे हा माझा व्यवसाय आहे, त्याला इलाज नाही. माझ्या लहानपणी आई पन्नास-साठ दिंडं करायची. वडील होते, काका होते, वाड्यातली पोरे होती. मग तीस झाली. गेल्या वर्षी अकरा. त्यांतली चार शेजारी गेली, एक गाईला, एक देवाला. तीन मी खाल्ली. दोन चाळणीत तशीच राहिली, आणि डब्यात वाडगाभर पुरण उरले. आई चाळणीकडे बघत म्हणाली, “औंदा शेवटचं. आता कुणासाठी करायचं?”

बँकेचा एक नियम आहे. खात्यात दोन वर्षे ग्राहकाने काही व्यवहार केला नाही, की ते खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी विचारले नाही, की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. पैसे बुडत नाहीत, वारसाने कागदपत्रे आणली तर परत मिळतात. पुरणाला अशी सोय नाही. आईचे पुरण आईच्या हातात आहे. डाळीला गूळ किती, तर “डाळ बघून.” शिजवायची किती, तर “मऊ होऊस्तवर.” जायफळ किती, तर “वास येईस्तवर.” असल्या नोंदींवर कोणता निधी काय परत देणार? ते खाते एकदा बंद झाले की बंद झाले.

तेव्हा मी मध्यस्थी केली. म्हटले, “उद्या नागपंचमी नाही. उद्या कापायला, भाजायला हरकत नाही. उरलेल्या पुरणाचा पिझ्झा करू.”

घरात अशी शांतता पसरली, जशी शाखेत ऑडिटर शिरल्यावर पसरते. मग सौ. म्हणाल्या, “अहो, पुरणाचा पिझ्झा? इतिहासात कधी कुणी गोड पिझ्झा केलाय का?”

इतिहासात! हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता.

मी चौकशी केली. आणि मंडळी, जे सापडले त्याने माझी छाती पासबुकाच्या बाहेर आली. पिझ्झा हा शब्द पहिल्यांदा कागदावर कुठे दिसतो, ठाऊक आहे? एखाद्या पाककृतीत नाही, काव्यात नाही. तो दिसतो एका करारनाम्यात! इटलीत गाएता नावाचे गाव आहे. इसवी सन ९९७च्या तिथल्या एका दस्तात लिहिले आहे, की मालमत्ता घेणाऱ्याने बिशपसाहेबांना दर नाताळला बारा आणि दर ईस्टरला बारा पिझ्झे द्यावेत. म्हणजे पिझ्झ्याची जन्मनोंद आमच्या धंद्यातली आहे. वर्षाला चोवीस नग, दोन हप्त्यांत. थकबाकीचे कलम काय होते कोण जाणे, पण बिशपसाहेब वसुलीला जाताना पिशवी घेऊन जात असणार.

आता विचार करा. ९९७ साली आपल्याकडे उत्तर चालुक्यांचे राज्य होते, आणि त्या पिझ्झ्यावर टोमॅटो नव्हता. असणार कुठून? टोमॅटो अमेरिका खंडातला. कोलंबस तिकडे गेला १४९२ला. इटलीतल्या पुस्तकात टोमॅटोचा पहिला उल्लेख येतो १५४४ला, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे युरोपातले लोक त्याला विषारी समजून लांबून नमस्कार करत होते. आपल्याकडेही तो परदेशी पाहुणाच. बंगाल्यांनी त्याला ‘बिलिती बेगुन’ म्हणजे विलायती वांगे म्हटले. वऱ्हाडात त्याला भेदरं म्हणतात. थोडक्यात, पिझ्झा आधी साडेपाचशे वर्षे टोमॅटोवाचून जगला, आणि आता टोमॅटो सॉस नसला की आमची कन्या म्हणते, “हा काय पिझ्झा आहे?”

पुढची नोंद माझ्या खटल्यातली मुख्य. १५७० साली बार्तोलोमेओ स्काप्पी नावाच्या, पोपच्या मुदपाकखान्यातल्या बल्लवाचार्याने भलामोठा पाकग्रंथ छापला. त्यात ‘नेपल्सचे लोक ज्याला पिझ्झा म्हणतात’ असा एक पदार्थ आहे. त्यात काय घालायचे? बदाम, खजूर, अंजीर, साखर, गुलाबपाणी! म्हणजे जवळजवळ आपला दिवाळीचा फराळच. आणि त्यानंतर तीनशे वर्षांनी, १८९१ साली, पेल्लेग्रिनो आर्तुसी या गृहस्थाने पुस्तक काढले, जे इटलीतल्या घराघरांत गेले. त्यात ‘नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा’ दिला आहे. तो कसा? ताजे रिकोता चीज, वाटलेले बदाम आणि साखर यांचे सारण भरलेला. गोड!

मी सौं.ना म्हटले, “आर्तुसीने डाळीऐवजी बदाम घेतले आणि गुळाऐवजी साखर घेतली, एवढाच फरक. माणूस पुरणापासून दोन पावलांवर होता.”

“आणि तो मार्गेरिता?” कन्येने विचारले. तिला नावे सगळी पाठ. शिवाजीमहाराजांची अष्टप्रधान विचारा, पाचव्यावर अडखळते.

त्याचीही गोष्ट आहे. १८८९ साली इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली, आणि राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झेवाल्याने तिच्यासाठी टोमॅटोचा लाल, मोझरेल्लाचा पांढरा आणि बेसिलच्या पानांचा हिरवा, असा झेंड्याच्या रंगांचा पिझ्झा केला. राणी खूश झाली आणि राजवाड्यातून आभाराचे पत्र आले. ते पत्र नेपल्समध्ये मिरवले जाते. पण इतिहासकारांनी त्या पत्राच्या शिक्क्यावर आणि अक्षरावर शंका घेतली आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर सही जुळत नाही. मी काउंटरवर असतो तर ते पत्र परत केले असते. पण पिझ्झा ठेवून घेतला असता.

ही सगळी वकिली चालू असताना आई तांदूळ निवडत होती. तिच्या दृष्टीने इटली म्हणजे इंदापूरच्या पलीकडे कुठेतरी. ती म्हणाली, “त्येंचं त्येंना लखलाभ. आपलं ते आपलं. वाडवडलापासनं चालत आलेलं पुरान हाय ह्ये.”

आता ‘आपलं ते आपलं’ म्हटले की कॉमर्सचा माणूस विचारतो, पावती आहे का? म्हणून मी पुरणाचीही खतावणी काढली. आणि काय सांगू! गहू पश्चिम आशियातून आलेला, हजारो वर्षांपूर्वी. हरभरा तसाच तुर्कस्तानच्या बाजूचा. ऊस, ज्याच्यावर आमचा सगळा तालुका उभा आहे, तो मुळात न्यू गिनी बेटाचा. जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचे. कटाच्या आमटीतली मिरची अमेरिकेची. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. दिंडाचे तर सोडाच, जिला आपण जीव टाकतो ती भाकरी घ्या. ज्वारी आफ्रिकेतली, बाजरीही आफ्रिकेतली! आमच्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८२ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे शेती करून राहणाऱ्या लोकांचे मुख्य पीक काय निघाले? ज्वारी नव्हे, बाजरी नव्हे. जव! म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मूळ बाणा म्हणून जर काही खायचे असेल, तर सगळ्यांनी डॉक्टरने सांगितल्याशिवायच जवाची पेज प्यायला हवी.

पण खतावणीला दोन बाजू असतात. नावे आहे तसे जमाही आहे. वेलदोडा आपला, सह्याद्रीतला. उसापासून गूळ आणि साखर करायची विद्या आपली. ‘शर्करा’ हा आपला शब्द अरबांनी नेला, आणि इटालियन माणूस आजही साखरेला ‘झुक्केरो’ म्हणतो. आर्तुसीच्या पिझ्झ्यात साखर पडली ती आपल्या नावाचा शिक्का घेऊन. आणि सगळ्यांत मोठी जमा म्हणजे म्हैस! अस्सल मोझरेल्ला नेपल्सच्या परिसरात म्हशीच्या दुधाचे करतात. आणि म्हैस माणसाळली कुठे? भारतीय उपखंडात. इटलीतल्या म्हशी त्याच कुळातल्या. म्हणजे ज्या पांढऱ्या चीजवर इटलीने झेंडा रंगवला, ते मुळात आमच्या म्हशीच्या लेकीबाळींचे दूध. आमची पंढरपुरी म्हैस तलवारीसारखी लांब शिंगे मागे टाकून एवढ्या रुबाबात का चालते, याचा मला त्या दिवशी उलगडा झाला.

हा सगळा ताळेबंद मी आईला वाचून दाखवला. मला वाटले, ती खचेल. पुरणातला गहू परका, डाळ परकी, ऊस परका, राहिले काय? ती तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाली, “आरं, मी तरी कुठं या घरची हाय? मी आले फलटणकडनं. ही तुझी बायको आली जुन्नरास्नं. सून दुसऱ्याच्या घरनंच येती. म्हून काय ती जन्मभर पाव्हणी का?”

मी गप्प बसलो. एवढा सगळा इतिहास वाचून मला जे एका वाक्यात मांडता आले नव्हते, ते तिने तांदूळ निवडता निवडता मांडले. गहू, हरभरा, ऊस, मिरची या आपल्या घरी आलेल्या सुना. म्हैस आणि साखर या आपण दिलेल्या लेकी. कोणता देश लेकी न देता आणि सुना न आणता चालला आहे? नुसत्या घरच्याच माणसांवर घर वाढत नाही, हे कोणालाही कळते. फक्त ताटाचा विषय निघाला की विसरायला होते.

पण आईचा अजून एक मुद्दा शिल्लक होता. “सून आली तरी घराची रीत ऱ्हाती. दिंडाचं पुरान दिंडातच घालायचं असतं.”

यावर मी शेवटचा साक्षीदार बोलावला. तो साक्षात बारामतीचा. मोरोपंत! कवी मोरोपंत पराडकर, जन्म १७२९, मृत्यू १७९४. जन्माने पन्हाळ्याचे, पण आयुष्य काढले बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. हे बाबूजी नाईक पेशव्यांचे आप्त आणि मोठे सावकार. म्हणजे आमच्या धंद्यातले थोर पूर्वज. त्या काळी बारामतीचा सावकार कवीला आयुष्यभर पोसत होता. आज आमच्या शाखेत कवी आला तर आम्ही आधी दोन जामीन मागतो आणि मग तो कविता म्हणेल या भीतीने आत जातो.

मोरोपंतांचे काम पुराणिकाचे. पुराण सांगायचे. आणि या पुराणिकाने केले काय? एका रामकथेची एकशे आठ रामायणे रचली! एकात एक करामत, दुसऱ्यात दुसरी. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असे एकही अक्षर त्यात घालायचे नाही; प, फ, ब, भ, म वर्ज्य. मौज पाहा, ‘राम’ या नावातच ‘म’ आहे. ज्याची कथा त्याचेच नाव घ्यायला बंदी, तरी रामायण झाले. त्या रामायणात पुरणही बसले नसते आणि पिझ्झाही बसला नसता, पण तो मुद्दा वेगळा. आपला मुद्दा असा, की बारामतीच्या या पुराणिकाने सारण एक ठेवले आणि पाऱ्या एकशे आठ केल्या. आणि रामकथा बिघडली नाही. उलट एकशे आठ वेळा पुन्हा ऐकली गेली.

“आई,” मी म्हटले, “पंतांनी पुराणाचं केलं, ते आपण पुरणाचं करू.”

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आन् बिघडलं तर?”

“तर गाय आहे.”

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. आता कृती सांगतो, कारण इतिहासाने पोट भरत नाही. एक वाटी कणीक, एक वाटी मैदा, चिमूटभर मीठ, चमचाभर यीस्ट कोमट पाण्यात फसफसवून त्यात घातले आणि पीठ सैलसर मळून दोन तास झाकून ठेवले. आईने झाकण उघडून वास घेतला. “कुरडयाच्या चिकासारखा आंबूस हाय,” ती म्हणाली. तीन दिवस गहू भिजवून आंबवणाऱ्या बाईला यीस्टचे कौतुक ते काय!

मग पुरण डब्यातून निघाले. इथे कन्येने पहिल्यांदा तोंड उघडले. “आजी, हे घट्ट आहे की सैल, हे तू आधी कसं ओळखतेस?” आई म्हणाली, “उलथनं हुबं करायचं. पुरनात उलथनं हुबं ऱ्हायलं की उतरवायचं. पडलं की आजून शिजवायचं.” मी कान टवकारले. इतक्या वर्षांत मिळालेली ही पहिली नेमकी नोंद! डाळ बघून नाही, वास बघून नाही. उलथने उभे की आडवे, एवढीच परीक्षा. कन्येने वही आणली. वहीच्या मागच्या बाजूला, बीजगणिताच्या पलीकडे, तिने लिहिले, “उलथनं उभं.” मग आजीला वाटी दाखवून डाळ किती, गूळ किती, हेही विचारले. आईला वाटीची भाषा येत नव्हती, म्हणून तिने मुठीने डाळ घातली आणि पोरीने ती वाटीने मोजली. डाळीला बरोबरीने गूळ, थोडा कमीच. डाळ बोटाने चिमटली की मोडली पाहिजे. जायफळ पाव, वेलदोडे चार. आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचे, गार झाले की डाळ रुसते.

पारी थापली. टोमॅटोऐवजी आदल्या दिवशीच्या कटाची आमटी आटवून घट्ट केली होती; ती पातळ फासली. तिच्यावर पुरणाचा थर, भाकरीवर लोणी फासावे इतकाच. वर आमच्या तालुक्याचे चीज किसून, आणि खसखस. ओव्हन आमच्याकडे नाही. नेपल्सचे कारागीर लाकडाच्या भट्टीत, ४८५ अंश उष्णतेला, साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा भाजतात. त्यांच्या या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातले. शहरात लाकडावर भाजलेल्या पिझ्झ्याला लोक जास्त पैसे मोजतात. आमच्या आईची लाकडाची चूल परसात फुकट जळते आहे. तिने जाड कढई चुलीवर ठेवली, तळाला मीठ पसरले, आत लोखंडी तिवई ठेवली, तिच्यावर ताटली, वर झाकण, आणि झाकणावर निखारे. खालून धग, वरून धग. नेपल्समध्ये नव्वद सेकंद, कन्हेरीत वीस मिनिटे. बँकेच्या मानाने हेही जलदच म्हणायचे.

झाकण उघडले तेव्हा वास असा आला, की शेजारच्या काकू “काय चाललंय?” म्हणत कुंपणापाशी उभ्याच राहिल्या. चीज वितळून तांबूस झाले होते, कडा फुगल्या होत्या. आता कापायचे कशाने? कन्या म्हणाली, “पिझ्झा कटर नाही आपल्याकडे.” आईने फडताळातून करंज्यांचे कातणे काढले, तेच दातेरी चाकाचे, आणि सर्रकन आठ तुकडे केले. नागमोडी कडेचे. कन्या बघतच राहिली. कटर आमच्या घरात होताच. पिझ्झा यायचा राहिला होता.

चव कशी होती? गूळ गोड, चीज खारट, कट तिखट. पहिल्या घासाला जीभ गोंधळते. दुसऱ्या घासाला लक्षात येते, की यात नवे काहीच नाही. पुरणपोळी, तूप आणि कटाची आमटी आपण पिढ्यान्‌पिढ्या एकाच ताटात कालवत आलो आहोत, फक्त इथे कालवायचे कष्ट वाचले. सौ. दोन तुकडे खाऊन म्हणाल्या, “वाईट नाही.” जुन्नरच्या भाषेत ही उत्तम शेऱ्याच्या जवळची पायरी आहे. कन्येने तीन खाल्ले. आईने अर्धा तुकडा खाल्ला, बराच वेळ चघळला आणि निकाल दिला: “पुरान ब्येस हाय. बाकीचं चालतंय.”

म्हणजे दिंड हरले आणि पिझ्झा जिंकला असे झाले का? मलाही थोडी धास्ती होती. युनेस्कोच्या यादीत पिझ्झेवाल्याचे हात गेले; दिंड दुमडणाऱ्या हातांची यादी अजून कोणी केलेली नाही, आणि ते हात आता सत्तरीच्या पुढे आहेत. पारी बदलली तर सारण जगते, हे मोरोपंतांनी दाखवले खरे. पण सारण कोणाला येत असेल तरच ना! पिझ्झ्याची पारी बाजारात तयार मिळते. पुरण तसे मिळत नाही, आणि मिळाले तरी त्यात उलथने उभे राहत नाही.

म्हणून मी या सगळ्या व्यवहाराची जमा बाजू वेगळी धरतो. पिझ्झा खाऊन संपला. आठ तुकडे, शिल्लक शून्य. पण बीजगणिताच्या वहीत एक पान जमा झाले आहे. त्यावर मूठ आणि वाटी यांचा विनिमय दर आहे, जायफळाचे माप आहे, आणि शेवटी दुहेरी रेघ मारून ‘उलथनं उभं’ असे लिहिले आहे. खाते चालू झाले आहे. वारसाची सहीही झाली आहे.

परवा आई कन्येला म्हणत होती, “औंदा पंचमीला वीस तरी दिंडं करू. तू पाऱ्या लाट.” कन्या म्हणाली, “आजी, पंधरा दिंडं आणि उरलेल्याचा दुसऱ्या दिवशी पिझ्झा.” आई म्हणाली, “अठरा.” शेवटी सतरावर तडजोड झाली. मी दोघींच्या मध्ये पडलो नाही. कॉमर्सचा पदवीधर असलो, तरी घासाघीस कुठे करू नये एवढे मला कळते.